वळणावरची म्हैस

आनंदराव जगदाळ्यांच्या उजव्या कानामागे करंगळीच्या नखाएवढी एक पट्टी होती. कराडात तशा पट्ट्या आता पुष्कळ दिसत. मंडईत, बँकेत, लग्नाच्या पंगतीत कुणाच्या ना कुणाच्या कानामागे ती असायचीच, आणि चष्म्याकडे जसं कुणी वळून बघत नाही तसं तिच्याकडेही कुणी बघत नसे. कागदोपत्री तिचं नाव ‘पूर्वानुमान साहाय्यक’ असं भारदस्त होतं. लोक तिला नुसतं ‘अटकळ’ म्हणत. “आमच्या मामांना अटकळ बसवली,” असं सांगताना सांगणाऱ्याचा आवाज जरा सैल व्हायचा, घरातलं मोठं संकट निभावल्यासारखा.

आनंदरावांना ती बसवली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. त्याआधीचे दिवस आठवणंसुद्धा त्यांच्या बायकोला, मालनला, नको वाटे. आनंदराव एसटीत ड्रायव्हर होते. घाटातल्या गाड्या आपोआप चालायला लागण्यापूर्वीच्या शेवटच्या ड्रायव्हरांपैकी एक. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी मेंदूत गुठळी झाली. हातपाय वाचले, वाचाही वाचली, पण भलतंच काहीतरी गेलं. चमचा ताटलीला लागला की ते दचकून ओरडत. नळाचं पाणी, खिडकीतला कावळा, मालनच्या बांगड्या, सगळं अंगावर चालून आल्यासारखं वाटे. सकाळी ऐकलेला आवाज दुपारी पुन्हा झाला तरी तो पहिल्यांदाच झाल्यासारखा. कानांवर उशी दाबून ते भिंतीकडे तोंड करून पडत आणि म्हणत, “मला कुठंतरी अंधारात ठेव गं, मालन.”

त्यांचं नेमकं काय बिघडलं ते मालनला डॉ. फरीदा मुजावर यांनी समजावलं होतं. आपल्याला वाटतं, डोळे बघतात, कान ऐकतात आणि मग मेंदूला कळतं. खरा व्यवहार बराचसा उलटा चालतो. मेंदू बसलेला असतो कवटीच्या अंधारात. तिथे बसून तो सारखे अंदाज बांधतो. आता हे दिसेल, आता ते ऐकू येईल, आता पाय जमिनीला टेकेल. डोळे-कान त्याला सगळी बातमी देतच नाहीत. अंदाजापेक्षा जे वेगळं निघालं, तेवढंच कळवतात. भरलेली समजून रिकामी घागर उचलली की हात झटकन वर जातो. तो झटका म्हणजे अंदाज आणि वस्तुस्थिती यांतला फरक. डॉक्टरांच्या भाषेत ‘तफावत’. धडधाकट माणसाला दिवसभरात अशी तफावत थोडी थोडी लागते. आनंदरावांच्या मेंदूचा अंदाज बांधणारा भागच दुखावला होता, त्यामुळे त्यांना सगळी तफावतच. जग एका क्षणासाठीही ओळखीचं होत नव्हतं.

अटकळ हे काम बाहेरून करी. घरातले आवाज, वेळा, माणसं ती शिकून घेई आणि पुढच्या क्षणाचा अंदाज बारीक विजेच्या स्पर्शाने मेंदूला आधीच देऊन ठेवी. बसवायला आलेल्या मुलीने मालनला एकच पथ्य सांगितलं होतं. घर नेमाचं ठेवा, काकी. जितकं नेमाचं, तितकं काकांना सोपं.

हे पथ्य मालनला सांगायची गरज नव्हती. तिचं सगळं आयुष्यच नेमाचं होतं. पहाटे उठून उंबऱ्यावर रांगोळी, तुळशीला पाणी, मग देव्हारा. आधी दिवा, मग उदबत्ती, मग घंटा, मग ठरलेली स्तोत्रं, शेवटी गूळ-शेंगदाण्याचा नैवेद्य. आणि आनंदरावांच्या त्या भयंकर दिवसांत तिने कृष्णामाईच्या देवळात ओटी भरून संकल्प सोडला होता. हे बरे होऊन आपल्या पायांनी तुझ्या दर्शनाला येईपर्यंत माझा नेम एका वेळेसाठीही चुकणार नाही, त्याचा क्रमसुद्धा बदलणार नाही.

आणि गुण आला होता. महिन्याभरात आनंदराव उठून बसले, मग चालू लागले, जेवू लागले. एका सकाळी देव्हाऱ्यातली घंटा वाजली आणि पलंगावरून त्यांचा जुना आवाज आला.

“उठला का गं तुझा देव?”

ही त्यांची थट्टा लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची. देवाधर्माशी त्यांचं भांडण नव्हतं, पण येता-जाता चिमटे काढल्याशिवाय त्यांना राहवत नसे. मालनचं उत्तरही तेव्हापासूनचं.

“उठला, तुमच्यापेक्षा लवकर.”

त्या दिवशी हे उत्तर देताना ती देव्हाऱ्यापुढेच रडली होती. तेव्हापासून रोज घंटा, रोज ती थट्टा, रोज ते उत्तर. आता तुळशीचं लग्न झालं की त्यांना घेऊन कृष्णामाईला जायचं आणि संकल्प पुरा करायचा, असं तिच्या मनाने घेतलं होतं. खणनारळसुद्धा आणून ठेवला होता.

तरी गेल्या काही दिवसांत तिला चैन पडत नव्हतं. काय खुपतंय ते सांगता येत नव्हतं. भाजी निवडता निवडता ती उठे, पलंगापर्यंत जाई, आनंदराव नीट बसलेले असत, “काय गं?” म्हणत, हसत. ती परत येई. पुन्हा उठे.

त्या आठवड्यात डॉ. मुजावर तपासणीला आल्या, नेहमीच्याच वारी, नेहमीच्याच वेळी. या खेपेला त्यांच्या हातात एक नवीन उपकरण होतं. काडेपेटीएवढं, वर मोत्यासारखा दिवा. त्याला त्या ‘जागमापक’ म्हणाल्या. आनंदरावांच्या कपाळाला त्यांनी त्याची तबकडी चिकटवली आणि डबी टेबलावर ठेवली.

“या डॉक्टरीणबाई,” आनंदराव म्हणाले. “चहा घ्या, आमच्या हिच्या देवाच्या वेळेत बसत असेल तर.”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्या दिव्याकडे बघत होत्या. दिवा विझलेला होता. त्यांनी आनंदरावांना जेवणाविषयी, झोपेविषयी विचारलं. त्यांनी छान उत्तरं दिली, मध्येच मालनच्या चहातल्या साखरेवरून टोमणा मारला. दिवा विझलेलाच. मग डॉक्टरांनी काही न बोलता टेबलावरचं स्टीलचं झाकण उचललं आणि फरशीवर टाकलं.

आनंदराव किंचाळले. दिवा लख्ख पेटला. त्या उजेडात क्षणभर मालनला त्यांचे डोळे दिसले, आणि आपल्याला इतके दिवस काय खुपत होतं ते तिला कळलं. हे डोळे तिने वर्षभरात पाहिलेच नव्हते. मग दिवा मावळत गेला, आनंदराव शांत झाले आणि म्हणाले, “चहा घ्या, डॉक्टरीणबाई.”

डॉक्टरांनी मालनला अंगणात नेलं. तुळशीपाशी दोघी उभ्या राहिल्या.

“काकी, काका कधी घाटातून गाडी नेण्याविषयी बोलायचे का तुमच्याशी?”

मालन चमकली. कारण आनंदरावांनी एकदा तिला एक गोष्ट सांगितली होती आणि ती तिला विसरता आली नव्हती. ते म्हणाले होते, हेळवाकचा थांबा सुटला की मी नसतोच गं गाडीत. हात चालवतात, पाय चालवतात, तिकीटवाल्याशी गप्पासुद्धा मारतो मी. आणि एकदम चिपळूणच्या स्टँडात डोळे उघडल्यासारखं होतं. मधला कुंभार्ली घाट कुणी चालवला ते तुझ्या देवालाच ठाऊक. फक्त एखाद्या वळणावर म्हैस आडवी आली, की मी खाडकन हजर. त्या दिवसापासून कित्येक वर्षं मालन रोज सकाळी हात जोडून सांगत आली होती, यांच्या वळणावर म्हैस येऊ देऊ नकोस.

तिने ते डॉक्टरांना सांगितलं.

“याहून चांगलं मला समजावता आलं नसतं,” त्या म्हणाल्या. “आमच्यातल्या काहींना फार दिवस वाटत होतं की आपण ज्याला जाग म्हणतो, ‘मी आहे’ असं जे आतून कळतं, ते तफावत निस्तरण्याच्या कामातूनच उमटतं. अंदाज चुकला, की तो सुधारायला कुणीतरी आत उठून बसतं. तो उठणारा म्हणजे आपण. अंदाज कधी चुकलाच नाही, तर उठायचं कुणी आणि कशाला? बोलणं चालतं, हसणं चालतं, थट्टासुद्धा चालते. आत माणूस नसतो. काका गेलं वर्षभर घाटात आहेत, काकी. आणि म्हैस येत नाहीये.”

मालनने विचारलं, सगळ्यांचंच असं होतं का. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. बाकीच्या घरांत काही ना काही चुकतं, त्या म्हणाल्या. वीज जाते, पाहुणे टपकतात, दूध उतू जातं, सून-सासूचं वाजतं. तेवढ्यावर माणूस अधूनमधून जागा होतो. “तुमच्या घरात काहीच चुकत नाही.”

अटकळ थोडी मंद करा, असं मालन म्हणाली. ते दुसऱ्या रुग्णांवर करून पाहिलं होतं, डॉक्टर म्हणाल्या. मंद केली की आवाज पुन्हा अंगावर येत. मग तिलाच मध्ये मध्ये मुद्दाम चुकायला शिकवा. तेही होत नव्हतं, कारण आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या होत नाहीत. अटकळीने केलेली चूक अटकळीला आधीच ठाऊक. चूक बाहेरून यायला हवी होती, त्यांना ओळखणाऱ्या कुणाकडून तरी. दचकतील, घाबरतील, पण तेवढा वेळ ते असतील.

“म्हणजे मी नेम मोडायचा.”

“माझी अम्मी रोजा कधी चुकवत नाही,” डॉक्टर हलकेच म्हणाल्या. “मोडा असं मी तोंडाने सांगणार नाही. हा दिवा ठेवून जाते, फळीवर असू द्या. तबकडी काकांच्या कपाळालाच राहील.”

त्यानंतरचे दिवस मालनने कसे काढले ते तिलाच ठाऊक. नेम चालूच होता. संकल्प होता यांच्या बरं होण्यासाठी, आणि नेमच यांना झोपवत होता. कृष्णामाईला हे पायांनी चालत येतील खरे, पण येणार कोण? देवी विचारील, तू कुणाला आणलंस? मग मनाची दुसरी बाजू बोले. अंधारात ठेव म्हणाले होते ना? ठेवलंय तुझ्या देवाने. आता त्यांना काही दुखत नाही, खुपत नाही. उठवायचं ते त्यांच्यासाठी की तुझ्यासाठी? तुला तुझा माणूस हवा म्हणून त्याला त्या आवाजांत पुन्हा ओढणार? ताटात वरण वाढता वाढता ती थांबे, आणि थांबलो तर अटकळीत खंड पडेल म्हणून घाईने पुढे वाढे. मग स्वतःचाच राग येई. फळीवरचा दिवा विझलेला असे, आणि त्याच्या खाली बसून आनंदराव मजेत भाकरी मोडत असत.

शेवटी एका पहाटे तिने दिवा लावला, उदबत्ती लावली, घंटा उचलली आणि ती तशीच हातात धरून बसली. घंटेतली लोळी दोन बोटांत घट्ट पकडली होती. घंटा वाजली नाही.

आणि तरीही, घंटेच्या बरोबर मागून यायचं ते पलंगावरून आलं.

“उठला का गं तुझा…”

न वाजलेल्या घंटेला दिलेलं ते उत्तर होतं. पण वाक्य पुरं झालं नाही. फळीवरचा दिवा आधी काजव्यासारखा लुकलुकला, मग वाढत गेला.

“मालन?” आनंदराव म्हणाले. “घंटा… घंटा नाही वाजली.”

ती धावत गेली. ते दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून बसले होते. कपाळावर घाम आला होता. त्यांनी खोली बघितली, खिडकी बघितली, आणि मग तिच्याकडे बघितलं.

“कुठवर आलो आपण?”

ती त्यांच्याशेजारी टेकली. त्यांनी हात उचलून तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले.

“केस कधी पिकलं गं तुझं?”

वर्षभर तो माणूस रोज तिच्या समोर बसून जेवत होता. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. बाहेर दूधवाल्याची गाडी वाजली तसे ते थरथरून तिला बिलगले. त्रास होतोय का, असं तिने विचारलं. होतोय, म्हणाले, लई होतोय. मग मी पुन्हा घंटा वाजवू का, असं ती कशीबशी म्हणाली. त्यांनी डोळे मिटून मान जोरात हलवली.

“म्हैस येऊ दे,” ते म्हणाले. “दुखू दे. पण तिकडं नको. तिकडं मी नाही.”

दिवा मावळला. आनंदरावांनी हात सोडवून घेतला, पाय पसरले आणि चहाला उशीर का, असं प्रसन्नपणे विचारलं.

मालन त्याच दिवशी कृष्णामाईच्या देवळात जाऊन आली. संकल्प मोडला म्हणून तिने दंड मागितला, आणि दंड म्हणून नवा नेम घेतला. आता रोज एक तरी गोष्ट चुकवीन. एक दिवस रांगोळी घराच्या आत काढली. एक दिवस स्तोत्रं उलट्या क्रमाने म्हटली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा आवाज तिला ऐकू आला. एक दिवस भाजीत मीठ घातलं नाही, एक दिवस आनंदरावांच्या चपला तुळशीवृंदावनात ठेवल्या. दर वेळी दिवा लागे, दर वेळी ते येत, घाबरलेले, घामेजलेले, खरे. चपला बघून तर पोट धरून हसले होते. “आता तुझ्या विष्णूला म्हणावं, ह्या घालून हिंड.” तेवढा वेळ घरात दोघं असत. मग पुन्हा ती एकटी.

पण शिकणं हेच अटकळीचं काम होतं. चुका शिकायला तिला फार वेळ लागला नाही. दिवा आधी लख्ख लागे, तो मिणमिणू लागला. मालन आदल्या दिवशीपासून डोकं खाजवून चुका शोधू लागली. जिने आयुष्यभर वातीसुद्धा एका लांबीच्या वळल्या, ती आता घरभर गोंधळ घालत फिरे. एका सकाळी तिने पितळी परात अंगणातून खोलीत भिरकावली. परात घरंगळत जाऊन भिंतीला आपटली. आनंदरावांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. दिवा काळाच होता.

“आज परात का?” ते हसून म्हणाले. “बरं.”

डॉ. मुजावरांना तिने फोन केला. “तिने आता तुम्हालाच पाठ केलंय, काकी,” त्या म्हणाल्या. “चूक कुठलीही असो, तिचा अंदाज अटकळीला आधीच येतो, कारण ती तुम्ही करता.”

दुसऱ्या दिवशी मालन थकून जुन्या नेमाकडे परतली. चुकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिने बाहेर रांगोळी काढली, तुळशीला पाणी घातलं, दिवा, उदबत्ती, आणि घंटा वाजवली.

“उठला का गं तुझा देव?”

उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि रडूच आलं. शब्द फुटेना. ती देव्हाऱ्यापुढे वाकून बसली. खोलीत शांतता झाली, आणि त्या शांततेत मागच्या भिंतीवर उजेड पडला.

“मालन?”

तिने वळून पाहिलं. दिवा पहिल्या दिवसासारखा पेटला होता. घंटा चुकली, मीठ चुकलं, परात उडाली, पण इतक्या गोंधळात एक गोष्ट तिच्याकडून कधीच चुकली नव्हती. त्यांनी हाक मारली आणि तिने ओ दिली नाही, असं लग्नापासून झालं नव्हतं.

“अहो, आहे मी, इथंच आहे,” म्हणत ती धावली. ती पलंगापाशी पोचायच्या आत दिवा विझला होता.

“कुठं जाणार तू,” आनंदराव मजेत म्हणाले आणि चहासाठी हात पुढे केला.

त्या दिवशी तिने आणखी काही चुकवलं नाही. खणनारळ काढून पाहिला आणि पुन्हा ठेवून दिला. दुसऱ्या पहाटे तिने सगळं यथासांग केलं. घंटा वाजवली, मात्र देव्हाऱ्यापुढे बसली नाही. अनवाणी पावलांनी स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली.

“उठला का गं तुझा देव?”

ती गप्प राहिली.

“मालन?” पलंग करकरला. “मालन, अगं कुठंयस?”

त्या हाकेत ते सगळेच्या सगळे होते. घाटातले, थट्टेतले, तिचे पिकलेले केस बघणारे. त्या एका हाकेसाठी तिने संकल्प मोडला होता. आणि ओ दिली की ते जाणार होते.

देव्हाऱ्यापुढे बसून किती वर्षं तिने मनातल्या मनात विनवलं होतं, मी एवढी हाका मारते, तू एकदा तरी ओ दे. ओ न देणारा दाराआड कसा उभा असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“मालन गं!” आवाज रडवेला झाला. पाय जमिनीवर टेकल्याचा, भिंत चाचपल्याचा आवाज आला. दाराच्या फटीतून तो मोत्याएवढा दिवा तिला दिसत होता. इतका उजेड त्याने आजवर कधीच दिला नव्हता.

मालनने पदराचा बोळा तोंडात घट्ट दाबला आणि ती त्यांची हाक ऐकत राहिली.